नखाला लागणारा आकडा

हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर एसीच्या बाहेरच्या युनिटांची रांग आहे. प्रत्येक युनिटला अ‍ॅल्युमिनियमची काळी पाटी आणि पाटीवर लेझरने उमटवलेली पांढरी अक्षरं. सगळ्या पाट्या एकाच खेपेला आलेल्या, एकाच आठवड्यात बसवलेल्या. जिन्याच्या खोलीच्या सावलीतल्या पाट्या अजून लख्ख वाचता येतात. दक्षिणेच्या उघड्या कठड्यालगतच्या पाट्यांवर मात्र काही दिसत नाही. मान वाकडी करून, उन्हाला आडवा हात धरून पाहिलं तर एखादा आठ नाही तर तीन चकाकतो, तेवढाच. देखभालीवरचा मुलगा म्हणाला, "सर, लेझर उडालंय."

लेझर उडालं नव्हतं. अक्षरं पहिल्या दिवशी होती तेवढीच पांढरी होती. उडाला होता तो आजूबाजूचा काळा रंग.

अशा पाटीच्या अ‍ॅल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. आपण त्याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतो. थरात असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांत सेंद्रिय रंग भरायचा आणि मग उकळत्या पाण्यात छिद्रांची तोंडं मिटवायची. लेझर अक्षराच्या जागचा रंग जाळून टाकतो, म्हणून अक्षर पांढरं दिसतं. उन्हातले अतिनील किरणही तेच करतात, फक्त सावकाश. लेझरने क्षणात अक्षरापुरतं केलेलं काम सूर्याने काही उन्हाळ्यांत सगळ्या पाटीवर करून टाकलं. पांढऱ्यावर पांढरं कोण वाचणार?

त्या मुलाचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पत्र्याच्या एका बिस्किटांच्या डब्यात मी जुने धातूचे टॅग जमवायला लागलो. बहुतेक कुदळवाडीतल्या भंगाराच्या दुकानांतून किलोच्या भावाने आलेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली आणि माझा पुरवठा थांबला. तोवर डबा भरला होता. पंपांचे, व्हॉल्व्हांचे, कंट्रोल पॅनेलचे, कधीच्या भंगारात गेलेल्या फिक्स्चरचे टॅग. मी त्यांचे दोन ढीग केले, वाचता येणारे आणि न येणारे. वाटलं होतं, जुने बिनवाचनाचे निघतील आणि नवे वाचनीय. झालं जवळजवळ उलटं. हाताने पंच मारलेले, तेलाने काळे पडलेले टॅग चिंधीने पुसले की बोलायला लागायचे. लेझरचे देखणे टॅग मुके.

भोसरीच्या एका शेडमध्ये नंबरिंग पंच मारण्यात हयात गेलेले एक काका आहेत. त्यांच्यासमोर डबा ओतला. त्यांनी चष्मा लावलाच नाही. एकेक टॅग उचलून त्यावरून अंगठ्याचं नख फिरवत गेले. नखाला लागला तो डावीकडे, नाही लागला तो उजवीकडे. त्यांचे ढीग आणि माझे ढीग जवळपास सारखेच निघाले.

उजव्या ढिगात सर्वांत जास्त होते स्टेनलेस स्टीलचे टॅग, गुळगुळीत पृष्ठभागावर एके काळी सुरेख काळी अक्षरं असलेले. चाकणच्या पट्ट्यात या प्रकाराला 'अ‍ॅनीलिंग' म्हणतात. इथे लेझर धातू खोदत नाही, तो फक्त तापवतो. छिन्नीला आब देताना पोलादावर चढत जाणारे रंग लोहाराच्या ओळखीचे असतात: सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, तीनशेच्या सुमारास निळा. हे रंग म्हणजे ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्याचा खेळ. लेझर हाच खेळ केसाएवढ्या रेषेत खेळतो. आपल्या गावच्या लोहाराची विद्या संगणकाला जोडली की अ‍ॅनीलिंग झालं, असं म्हटलं तरी चालेल.

पण स्टेनलेसचा सगळा मानमरातब अशाच एका पापुद्र्यावर उभा आहे. क्रोमियमच्या ऑक्साइडचा हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाड असतो आणि तोच गंजाला अडवतो. अक्षराच्या जागी तापवताना पृष्ठभागाजवळचं क्रोमियम जाड, काळ्या ऑक्साइडमध्ये खर्ची पडतं आणि त्याखालचा धातू दुबळा होतो. मग खारट, दमट हवेत गंज धरतो तो नेमका अक्षरांवर. गंज लागू नये म्हणून सुटा भाग सायट्रिक किंवा नायट्रिक आम्लात धुतला, तर आम्ल काळा ऑक्साइडच खाऊ लागतं आणि अक्षर फिकटतं. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे या पेचाशी बरीच वर्षं झुंजताहेत. धुवावं तर नंबर जातो, न धुवावं तर नंबर गंजतो. अतिसूक्ष्म स्पंदांच्या नव्या लेझरांनी वाट काढली आहे; ते तापवून रंग आणत नाहीत, पृष्ठभागावर प्रकाश गिळणारी बारीक रचना करतात. मात्र ती यंत्रं महाग, आणि टॅग ही आपल्याकडे खरेदी खात्याने सर्वांत शेवटी, सर्वांत स्वस्तात उरकायची वस्तू.

हे शोधत असताना मी एका माणसापाशी अडकलो आणि मूळ विषय महिनाभर बाजूला राहिला. बारामती म्हटलं की आपल्याला एकच क्षेत्र आठवतं, राजकारण. त्याच बारामतीत २ जुलै १९३८ रोजी चंद्रकुमार नारणभाई पटेल जन्मले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवून बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. मेमन या शास्त्रज्ञाचा, जगातला पहिला, माणकाच्या कांडीचा लेझर तेव्हा वर्षभराचा होता. बहुतेकांचं लक्ष अणूंकडे होतं. पटेलांनी रेणूंकडे मोर्चा वळवला आणि १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूतून सलग लेझर-किरण काढला. सुरुवातीला त्याची ताकद अगदी क्षीण होती. मग वायूत नायट्रोजन मिसळण्याची युक्ती निघाली. नायट्रोजनचा रेणू विजेकडून ऊर्जा घेतो, धरून ठेवतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करतो. ताकद झपाट्याने वाढली आणि प्रयोगशाळेतला किरण कापू लागला, जाळू लागला, शस्त्रक्रिया करू लागला. १९६४ मध्ये पटेल सव्वीस वर्षांचे होते. १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञानपदक मिळालं. पिंपरी-चिंचवडमध्ये लेझरवर पोट असलेल्या डझनभर लोकांना मी हे नाव विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. हे मला अजून खुपतं.

खुपण्यासारखी आणखी एक गंमत आहे. पटेलांच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. रंग, रबर, लाकूड, प्लास्टिक, अ‍ॅनोडाइज्ड थर हे सगळे त्याला शरण जातात. उघडा धातू मात्र त्याचा बराचसा भाग आरशासारखा परत पाठवतो. टॅगच्या धातूला वश केलं ते त्याच १९६४ मध्ये, त्याच बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या निओडिमियमच्या स्फटिक-लेझरने, आणि पुढे जवळपास त्याच एक मायक्रॉनच्या तरंगलांबीच्या फायबर लेझरने. आज चाकणच्या असेंब्ली लाइनवर डोळे दिपवणारा ठिपका दिसतो तो बहुधा या धाकट्या भावाचा. हिंजवडीच्या गच्चीवरच्या पाट्यांसारखं काम मात्र थोरल्याच्याही हातचं.

"आता आकडा माणसाने वाचायचाच कशाला, चौकोनी कोड स्कॅन करायचा," असं तरुण इंजिनिअर सांगतात. टॅगवरच्या डेटा मॅट्रिक्स कोडमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय असते हे खरं. एखादा कोपरा खरवडला तरी उरलेल्या चौकटींवरून मजकूर जुळवता येतो. पण ही सोय जखमेवरचं औषध आहे, अशक्तपणावरचं नाही. सगळाच कोड सारखा फिकटला, काळ्या-पांढऱ्यातला फरकच गेला, तर जुळवायला काही उरत नाही. ऊन कोपरा खात नाही, सगळंच थोडं थोडं खातं.

आता काकांचा डावा ढीग, नखाला लागणाऱ्या खोल आकड्यांचा. मोटारीच्या चासीवर सतरा अक्षरांचा क्रमांक असतो. त्यात इंग्रजीतले आय, ओ आणि क्यू वापरत नाहीत, एक-शून्याशी गल्लत नको म्हणून. चासीवर तो ठोकून किंवा टोकदार पिनेच्या ठिपक्यांनी उमटवण्याची रीत पक्की आहे, आणि तिचा एक फायदा चोरांना माहीत नसतो. चोर ग्राइंडरने क्रमांक घासून पृष्ठभाग आरशासारखा करतो. पण पंच मारताना अक्षराच्या तळाखालीही पोलादाचे स्फटिक चिरडलेले असतात. वरचा खड्डा गेला तरी ती इजा आत राहते. न्यायसहायक प्रयोगशाळेत त्या जागेवर फ्रायचं द्रावण, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेलं क्युप्रिक क्लोराइड, फिरवतात. चिरडलेला धातू आणि निरोगी धातू आम्लात वेगवेगळ्या गतीने झिजतात, आणि पुसलेला आकडा हळूहळू वर येतो. अडोल्फ फ्राय या जर्मन धातुतज्ज्ञाने १९२१ मध्ये पोलादातले ताणाचे पट्टे पाहण्यासाठी ही युक्ती मांडली. पुढे ती पोलिसांच्या कामी आली. अ‍ॅनीलिंगच्या अक्षराला अशी आठवण जवळजवळ नसते. त्वचा गेली की नाव गेलं.

आपल्या गाडीच्या नंबर प्लेटवरही हे दोन्ही प्रकार शेजारी नांदतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना आणि नंतर महाराष्ट्रात जुन्यांनाही सक्तीची झालेली उच्च सुरक्षा पाटी पाहा. एक मिलिमीटर जाडीचं अ‍ॅल्युमिनियम, मुख्य क्रमांक दाबून उठवलेला आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात लेझरने उमटवलेला बारीक ओळख-क्रमांक. पाटी किमान पाच वर्षं टिकण्याची हमी नियमातच मागितली आहे. मुख्य क्रमांकावरचा काळा रंग गेला तरी आंधळाही तो हाताने वाचेल. खालच्या क्रमांकाला डोळा लागतो, आणि चाळिशीनंतर भिंगही.

धातूवर लिहून टिकवण्याची विद्या आपल्या भागात नवी नाही. पुणे जिल्ह्यातल्या तळेगावात सापडलेला राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचा ताम्रपट शके ६९०चा, म्हणजे इसवी सन ७६८चा. पुणे परिसराचा 'पूनक विषय' (विषय म्हणजे प्रांत) असा उल्लेख त्यात येतो. साडेबाराशे वर्षं उलटली तरी तो वाचता येतो, कारण त्या अक्षरांनी रंगाचा आधारच घेतला नव्हता. जुने कारागीर तर अनेक ताम्रपटांच्या कडाही उंच ठेवत, पत्रा पत्र्यावर घासून अक्षरं झिजू नयेत म्हणून. आपल्या टॅगवर 'कायमस्वरूपी' लिहिणाऱ्याने कडेचा एवढा तरी विचार केलेला असतो का?

लेझरला दोष देण्यात अर्थ नाही. तोच किरण त्याच रेषेवरून पुन:पुन्हा फिरवला तर नखाला लागेल असं खोल खोदतो. वेळ जास्त लागतो, म्हणून नगामागे पैसे जास्त पडतात, इतकंच. दोष आहे तो काळेपणाला टिकाऊपणा समजणाऱ्या आपल्या नजरेचा, आणि सर्वांत कमी दराचं कोटेशन डोळे मिटून पास करण्याचा. म्हणून हिंजवडीपासून चाकणपर्यंत हे वाचणाऱ्या खरेदी खात्यातल्या मंडळींना एकच विनंती. ऑर्डरमध्ये नुसतं 'लेझर मार्किंग' लिहून सोडू नका. धातू कोणता, खोली किती मायक्रॉन, नंतर आम्लाची धुलाई आहे का आणि टॅग उन्हात किती वर्षं राहणार, हे चार रकाने भरा. आणि माल आला की पहिल्या नगावरून नख फिरवून मगच सही करा.