आधी बचत, मग प्रीमियम

नौपाड्यातील तीन पेट्रोल पंपाच्या चौकात सकाळी दहाच्या सुमारास उभे राहिले, तर व्यापारी कुटुंबाचा पैसा दोन वाटांनी जाताना दिसतो. एक वाट गाडीच्या टाकीत जाते. दुसरी खिशातील मोबाईलमधून शेअर बाजारात जाते. पहिल्या वाटेचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही आणि दुसऱ्या वाटेचा हिशेब सहसा घरात कोणी सांगत नाही. हे दोन्ही हिशेब एकाच वहीत आले, तर घरखर्चाला आणि घराच्या स्वास्थ्याला मोठा आधार मिळतो.

जुनी तेजी-मंदी, नवा ऑप्शन

ऑप्शन हा शब्द नवा, व्यवहार मात्र जुना. ठरावीक रक्कम देऊन ठरलेल्या भावाने माल घेण्याचा हक्क म्हणजे तेजी आणि विकण्याचा हक्क म्हणजे मंदी, हे जुन्या पेढ्यांना चांगले ठाऊक होते. १९५२ च्या वायदे कायद्याने मालातील असे सौदे बंद झाले. पुढे जून २००१ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकाचे ऑप्शन सुरू झाले. तेजीला कॉल आणि मंदीला पुट म्हणू लागले.

मुदतीच्या सौद्यांचा तडाखा मुंबईने त्याच्याही पुष्कळ आधी अनुभवला होता. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी मुदतीचे सौदे पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा असंख्य पेढ्या बुडाल्या. ज्यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंदही त्या तडाख्यातून सुटले नाहीत.

आजचे चित्रही सावध करणारे आहे. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळवणारे अवघे १ टक्का होते. दर आठवड्याच्या एक्सपायरीवर घर चालवू पाहणाऱ्याने हा आकडा दुकानातील गल्ल्याजवळ लिहून ठेवावा.

विमा कुठे संपतो?

समजा, निफ्टी २५,००० वर आहे आणि एका लॉटमध्ये ७५ एकके आहेत. २४,५०० चा पुट १५० रुपयांना मिळत असेल, तर प्रीमियम ११,२५० रुपये. निर्देशांक घसरला नाही तर ही सारी रक्कम जाते, पण त्याहून एक रुपयाही अधिक जात नाही. ज्या कुटुंबाकडे अठरा-एकोणीस लाखांचे शेअर आहेत, त्याच्यासाठी हा पुट विम्यासारखा आहे. बाजार कोसळला, तर शेअरमधील घट काही अंशी पुट भरून काढतो. ज्याच्याकडे तीन लाखांचेच शेअर आहेत, त्याने तोच पुट घेतला, तर विम्याचा भाग थोडा आणि सट्ट्याचा भाग मोठा होतो.

हाच पुट विकणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या हाती ११,२५० रुपये लगेच पडतात, त्यामुळे हा मार्ग सोपा वाटतो. परंतु निर्देशांक २३,५०० वर आला, तर ७५,००० रुपये द्यावे लागतात आणि प्रीमियम वजा जाता ६३,७५० रुपयांचा तोटा उरतो. कित्येक महिन्यांची लहान-लहान मिळकत अशा एका दिवसात धुऊन जाते. मालाच्या देण्यासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेला पैसा या मार्गात कधीही येता कामा नये. उधार घेतलेला तर नाहीच नाही.

टाकीतील पैसा

मग प्रीमियम कोठून द्यावा? त्याचे उत्तर त्याच चौकात आहे. नौपाड्यातील दुकानदार आठवड्यातून दोनदा मशीद बंदरच्या घाऊक बाजारात गाडीने जातो असे धरू. जाऊन-येऊन सुमारे ७० किलोमीटर. गर्दीच्या रस्त्यावर लिटरला १२ किलोमीटर धरले, तर जवळजवळ सहा लिटर. लिटरला १०० रुपये धरले, तरी एका फेरीस ६०० रुपये. महिन्याच्या आठ फेऱ्यांपैकी चार फेऱ्या लोकलने केल्या, तर द्वितीय वर्गाचे तिकीट वजा जाताही दोन हजारांहून अधिक वाचतात. वर्षाला ही रक्कम चोवीस हजारांच्या वर जाते, म्हणजे वरील पुटसारखे दोन प्रीमियम. ज्या ठाण्यापर्यंत १८५३ मध्ये देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली, तेथील व्यापाऱ्याला याहून सोयीची बचत कोणती?

बाकी गोष्टी लहान, पण रोजच्या आहेत. टायर थंड असताना आठवड्यातून एकदा हवा तपासावी. तीन हात नाक्याच्या लांब सिग्नलला इंजिन बंद करावे. बँक, वसुली आणि घरची खरेदी एकाच फेरीत उरकावी. गाडीतील अनावश्यक ओझे काढावे. या बचतीला एक्सपायरी नसते आणि तिच्यात तोट्याची बाजूही नसते.

आनंद श्रावकाची वही

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा परिचित आहे. त्याने आपल्या बारा कोटी सुवर्णाची मर्यादा बांधली, तेव्हा चार कोटी निधीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंपदेत अशी विभागणी होती. त्याने गाड्यांचीही मर्यादा घातली. परगावच्या प्रवासासाठी पाचशे आणि मालाच्या ने-आणीसाठी पाचशे. आकडा मोठा असो वा लहान, तो आधी ठरलेला होता, हे महत्त्वाचे.

हीच रीत आजच्या घरात आणता येते. महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीत तीन ओळी लिहाव्यात : इंधनाची मर्यादा किती, गेल्या महिन्यात त्यातून वाचले किती, आणि बाजारात जास्तीत जास्त गेले तर चालेल ते किती. तिसरी रक्कम दुसरीपेक्षा कधीही मोठी नसावी. सौदा झाला की त्याच दिवशी त्याची नोंद व्हावी. ऑप्शनचा नफा-तोटा आयकरात व्यवसायाच्या उत्पन्नात धरला जातो, म्हणून सी.ए.लाही तीच वही उपयोगी पडते. आणि ती वही घरातील श्राविकेने, मुला-सुनांनी वाचलेली असावी. जो तोटा घरात सांगता येत नाही, तो सौदा करण्याआधीच टाळलेला बरा.