हाडं, उंदीर आणि तांबडा उजेड

बुडापेस्ट, १९६७. एंड्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांच्या पाठी भादरल्या आणि त्यांवर रूबी लेझर सोडला. डोक्यात प्रश्न कॅन्सरचा होता. झालं भलतंच! उजेड पडलेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. हाडांच्या पेशींवर लेझर टाकून बघण्याचा सगळा उद्योग या केसांतून निघाला.

सिनेमात तिजोऱ्या कापतो तो लेझर हा नव्हे. याची ताकद सहसा ५०० मिलिवॅटच्या आत. चटका सोडाच, ऊबही जेमतेम जाणवते.

रंग मात्र निवडूनच घ्यावा लागतो. निळा-हिरवा प्रकाश कातडी आणि रक्त वरच्या वरच गिळतात. तांबडा आणि त्याच्या पलीकडचा आत शिरतो. मोबाईलच्या टॉर्चवर बोट दाबून बघा, लालच दिसेल.

आत त्याची गाठ पडते तांब्याशी! पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, त्यात तांब्याचे अणू असतात. ते प्रकाश शोषतात आणि पेशीचं इंधन, एटीपी, जास्त तयार होतं. सर्वात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण तरी हेच.

खरी गंमत हाडात. तिथे दोन टोळ्या राबतात: हाड रचणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट. खाणाऱ्यांनी काही आठवड्यांत फस्त केलेलं भरून काढायला रचणाऱ्यांना काही महिने लागतात. (घर पाडणं आणि बांधणं, दुसरं काय!) प्रयोगांत हा उजेड दोन्ही टोळ्यांना कामाला लावताना दिसला आहे. दातांच्या तारावाल्या डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं, कारण दात सरकायचा तर पुढचं हाड खाल्लं गेलं पाहिजे आणि मागचं भरलं पाहिजे. जपानमध्ये २००० साली उंदरांवर ८३० नॅनोमीटरचा लेझर वापरला, तेव्हा दात सुमारे १.३ पट जास्त सरकले.

पण हात आखडता हवा. थोड्या उजेडानं पेशी तरतरीत होतात, जास्त झाला की उलट मंदावतात.

आणि गॉगल विसरायचा नाही. ८३० नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. डोळ्याचा पडदा मात्र भाजू शकतो.

एवढं हाडपुराण झालं, पण या लेझरचा सर्वात भक्कम पुरावा आहे तो कॅन्सरच्या उपचारांत तोंडाला येणाऱ्या फोडांवर. हाडं अजून बरीचशी प्रयोगशाळेतच आहेत.