उलाळ बंडी आणि डुलणारी ट्रॉली

दसरा-दिवाळी उलटली कीं आमच्या वऱ्हाडांतील रस्त्यांचें रूप पालटतें. वेंचलेला कापूस घेऊन अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोला, अमरावती येथील बाजारांकडे व जिनांकडे ट्रॉल्यांची रीघ लागते. सोयाबीनचीं पोतीं त्याच सुमारास निघतात, वरूड-मोर्शीकडील संत्रींही निघतात. नाताळची सुटी नेमकी याच हंगामांत येते, आणि खेड्यांतून शिकावयास आलेले विद्यार्थी पुष्कळदां गांवाकडे परतणाऱ्या रिकाम्या ट्रॉलींतच बसून घरीं जातात. कित्येकांचे वडील किंवा थोरले बंधु स्वतः ट्रॅक्टर चालवितात. तेव्हां एका वाहनानें दुसरें ओढीत नेलें असतां तें मागचें वाहन कसें वागतें, केव्हां बिथरतें आणि बिथरूं नये म्हणून काय करावें, हें येथें थोडें विस्तारानें सांगावें असें आम्हांस वाटलें.

या शास्त्राचा पहिला धडा आपल्या आजोबा-पणजोबांना चांगला ठाऊक होता. बंडी भरतांना आंसाच्या मागें माल अधिक झाला, तर मागची बाजू खालीं बसते व जूं बैलांच्या खांद्यावरून वर उचललें जातें. गळ्याचे पट्टे आवळतात आणि बैल गुदमरतात. अशा बंडीला उलाळ झाली असें म्हणतात. उलट, पुढें फार भार पडला तर बैलांचे खांदे सोलून निघतात. म्हणून जाणता गाडीवान माल अशा बेतानें रचीत असे कीं जुंवावर भार पडावा, पण तो थोडाच पडावा. बैल जुंपण्यापूर्वी तो जूं हातानें उचलून पाही, आणि हाताला लागणाऱ्या वजनावरून पोतें पुढें घ्यावयाचें कीं मागें सारावयाचें हें ठरवी. कागदावर एकही आंकडा न मांडतां त्यानें काढलेलें हें उत्तर आजच्या अभियंत्यांच्या उत्तराहून निराळें नाहीं.

फरक आहे तो वेगाचा. बैल चालतो तासाला तीन-चार किलोमीटर. त्या चालींत उलाळ बंडीनें बैलांना त्रास होई, क्वचित् बंडी मागें कलंडे, पण ती रस्त्यावर डावी-उजवी झोके घेत नसे. तोच दोष ट्रॅक्टरच्या, आणि त्याहूनही अधिक जीपच्या वा पिकअप गाडीच्या वेगांत फार निराळें रूप घेतो.

दोन चाकांची ट्रॉली ही एक तरफच आहे. आंस हा तिचा टेंकू, आणि ट्रॅक्टरला जोडलेली दांडी हें तिचें एक टोक. माल व ट्रॉली मिळून जें वजन होतें त्याचा गुरुत्वमध्य आंसाच्या पुढें असेल तर दांडी हुकावर खालीं दाबली जाते. मागें असेल तर दांडी हूक वर उचलूं पाहते. मोटारीमागें एक आंसाची गाडी ओढणाऱ्यांसाठीं अमेरिकेंत असा नियम सांगतात कीं, भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाच्या शेंकडा १० ते १५ इतका भार हुकावर पडावा.

आंकडेमोडीची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण करून पाहूं. ट्रॉली व माल मिळून वजन ३,००० किलो आहे, आणि हुकापासून आंसापर्यंतचें अंतर ३५० सेंटिमीटर आहे असें धरा. गुरुत्वमध्य आंसाच्या ३५ सेंटिमीटर पुढें असेल, तर हुकावरील भार ३,००० गुणिलें ३५ भागिलें ३५०, म्हणजे ३०० किलो येतो. हा बरोबर दहावा हिस्सा झाला. आतां ५० किलोंचीं दहा पोतीं उचलून २१० सेंटिमीटर मागें ठेवा. हललेलें वजन ५०० किलो. त्यास २१० नें गुणून ३,००० नें भागलें म्हणजे गुरुत्वमध्य ३५ सेंटिमीटर मागें सरकतो, तो थेट आंसावर येतो, आणि हुकावरील भार शून्य होतो! ट्रॉलींत एक पोतेंही वाढलें नाहीं, कांटा तेंच वजन दाखवील, बाहेरून पाहणारास कांहीं बदललेलें दिसणार नाहीं. पण ती आतां पूर्वीची ट्रॉली राहिली नाहीं. आणखी दोन-तीन पोतीं मागें गेलीं कीं ती उलाळ झालीच.

दांडीवर भार नसला म्हणून ट्रॉली डुलते कां? घड्याळाचा लंबक आठवा. हुकाची पिन ही त्याची खुंटी आणि मागची ट्रॉली हा त्याचा लोलक. मात्र हा लंबक उभा टांगलेला नसून रस्त्यावर आडवा पडलेला आहे. खड्डा, वाऱ्याचा झोत, शेजारून जोरानें गेलेला मालट्रक किंवा सुकाणूला बसलेला हिसका, यांपैकीं कशानेंही ट्रॉलीची शेपूट जरा बाजूला सरते. लागलीच टायर रस्त्याला घांसून तिला परत ओळींत आणतात. ती थोडी पलीकडे जाते, पुन्हां परतते, आणि दोन-तीन झोक्यांत स्थिर होते. वेग वाढत जातो तसतशी झोके शमविण्याची ही शक्ति उणी होत जाते, आणि एका ठराविक वेगाच्या पलीकडे गेलें कीं प्रत्येक झोका मागच्याहून मोठा होऊं लागतो. मग ट्रॉली पुढच्या वाहनाचें मागचें अंग इकडून तिकडे ओढूं लागते व शेंवटीं दोन्ही वाहनें आडवीं होतात. हा धोक्याचा वेग प्रत्येक गाडीचा निराळा असतो. माल पुढें व आंसाजवळ असेल तर तो वेग उंच राहतो. माल मागें असेल, किंवा दोन्ही टोकांना जड व मध्यें पोकळ असा रचला असेल, तर तो खालीं येतो. टायरांत हवा कमी असणें, किंवा एका चाकांत कमी व दुसऱ्यांत जास्त असणें, यानेंही तो खालीं येतो. जड माल तळाशीं व आंसाच्या किंचित् पुढें, हलका माल वर, आणि सारें दोरांनीं आवळलेलें, अशी भरणी त्यासाठींच करावयाची.

युरोप-अमेरिकेंत सुटीच्या दिवसांत कुटुंबेंच्या कुटुंबें आपल्या मोटारीमागें चाकांवरचें एक लहानसें घर बांधून प्रवासास निघतात. त्यांत निजावयाच्या फळ्या असतात, चूल असते, पाण्याची टांकी असते. हीं घरें हलकीं पण उंच, त्यामुळें वारा त्यांना शिडासारखा धरतो. आणि मोटारीचा वेग तर आमच्या ट्रॅक्टरच्या दुपटी-तिपटीनें. म्हणून डुलण्याच्या या दोषाचा तिकडे पुष्कळ अभ्यास झाला. दांडीशीं घर्षणानें झोके आवरणारीं उपकरणें निघालीं. कांहीं मोटारींत झोका ओळखून एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी योजनाही आली. तरीही भरणी चुकीची असेल तर उपकरणावर विसंबूं नये असेंच तिकडचे जाणकार सांगतात.

डुलणें सुरू झालेंच तर काय करावें? येथें मनुष्याची उपजत बुद्धि त्याला दगा देते. घाबरून पाय ब्रेकवर जातो, आणि झोक्याबरोबर सुकाणू उलटसुलट फिरविलें जातें. दोन्ही गोष्टी आगींत तेल ओतणाऱ्या आहेत. आपण सुकाणू फिरवितों तोंवर ट्रॉली झोक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असते, आणि आपण तिला आणखी ढकलतों. वेग वाढवून ट्रॉली सरळ ओढून घेऊं, ही कल्पनाही घातक. सुकाणू दोन्ही हातांनीं घट्ट व सरळ धरावें, इंजिनाला तेल देणें बंद करावें, आणि वेग आपोआप उतरूं द्यावा. धोक्याच्या वेगाखालीं गाडी आली कीं झोके आपण होऊन शमतात. ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक असेल तर तेवढाच हलकेच लावावा. त्यानें ट्रॉली मागें ताणली जाऊन ओळींत येते. मग बाजूला उभें राहून मालाची मांडणी, हवा व पिन पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

ट्रॅक्टर मुळांत सावकाश चालणारा, म्हणून सपाट रस्त्यावर तो या झोक्यांपासून बराच वांचतो. त्याचा खरा वैरी उतार. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें १,१०० मीटर उंच आहे. तेथून परतवाड्याकडे उतरतांना, किंवा मेळघाटांतील कोणत्याही वळणावर, भरलेली ट्रॉली ओढली जात नाहीं, तर मागून ढकलीत येते. दोन चाकांची खेळण्यांतली गाडी घेऊन तिची दांडी बोटांत सैल धरून ओढा. ती सरळ मागें येईल. आतां तीच दांडी पुढें ढकला. गाडी तत्काळ एका बाजूस वळेल. ट्रॅक्टरनें उतारावर एकाएकीं ब्रेक लावला कीं हेंच घडतें. ट्रॅक्टर थांबूं पाहतो, ट्रॉली थांबत नाहीं, आणि दोघेही हुकापाशीं अडकित्त्यासारखे मिटतात. आमच्याकडील पुष्कळशा ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, हें येथें ध्यानांत धरावें.

डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस अत्यंत निंद्य वाटते. गिअरमध्यें असलेलें इंजिन उतारावर स्वतःच आवरण्याचें काम करतें. गिअर काढला कीं तें काम थांबतें, वेग भराभर वाढतो, आणि त्या वेगांत गिअर परत घालूं म्हटलें तरी पडत नाहीं. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालून ठेवावा. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतांत तासाच्या टोकाशीं चटकन् वळण्यासाठीं ती सोय आहे. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पावट्या कडीनें एकत्र जोडावयाच्या असतात. ती कडी विसरली आणि घाईंत एकच पावटी दाबली गेली, तर ट्रॅक्टर एकाच चाकाभोंवतीं गर्रकन् फिरतो, आणि मागून तीन-चार टनांचा रेटा येत असतोच.

अमरावती ते अकोला हा आतांचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. जून २०२२ मध्यें याच मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकांत विक्रम म्हणून नोंद झाली. वऱ्हाडाला याचा अभिमान वाटावा हें साहजिक आहे. परंतु रस्ता गुळगुळीत झाला म्हणजे वेगाची जाणीव बोथट होते, आणि ताशीं ८०-९० किलोमीटरनें येणारी मोटार व २०-२५ नें जाणारी ट्रॉली एकाच पट्ट्यावर येतात. रात्रीं मोटारवाल्याला ट्रॉली दिसली नाहीं, तर तिची भरणी कितीही उत्तम असो, उपयोग काय? ट्रॉलीच्या मागें तांबडे दिवे व उजेड परतविणाऱ्या पट्ट्या हव्यात, आणि कापसाची लोंबती ताडपत्री त्यांवर येतां कामा नये. कापूस हलका असल्यानें तो ट्रॉलीच्या कडांबाहेर फुगवून भरतात; मागून येणाऱ्याला ट्रॉलीची खरी रुंदी कळतच नाहीं. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें ट्रॉलीचीही ट्रॅक्टरप्रमाणें नोंदणी करावी लागते, याचाही कित्येकांस विसर पडलेला दिसतो.

आतां ट्रॉलींत बसून प्रवास करण्याविषयीं. हिवाळ्यांत बहिरमच्या यात्रेला, किंवा लग्नसराईंत वऱ्हाड घेऊन, ट्रॉल्या माणसांनीं भरून जातात. वरील उदाहरणांतील दहा पोत्यांच्या जागीं दहा माणसें कल्पावीं. पोतें ठेवलें तेथें राहतें. माणूस उठतो, मागच्या फळीवर जाऊन बसतो, पाय सोडून गप्पा मारतो. मुलांना तर ती मागची फळीच प्रिय. एका क्षणांत पांचशें किलो मागें सरकतात आणि चालविणाऱ्याला पत्ताही नसतो. त्यांत ट्रॉलीला आसन नाहीं, धरावयास कांहीं नाहीं, आणि ती उलटली तर आंतील मंडळी तिच्याखालींच सांपडतात. ती मालासाठीं केलेली आहे, माणसांसाठीं नव्हे. एस. टी. ची वाट पाहण्यांत दोन तास गेले तर जाऊं द्यावेत, असें आम्ही पालकांस आग्रहानें सांगूं. दांडीवर किंवा ट्रॅक्टरच्या चाकावरील पत्र्यावर कोणासही, विशेषतः लहानांस, कदापि बसूं देऊं नये.

माल घरून निघतांना नीट भरला, तरी वाटेंत थोडाथोडा उतरवीत गेल्यानें तोल बिघडतो. पुढचा माल आधीं काढला कीं उरलेला सारा भार मागें राहतो. म्हणून प्रथम उतरावयाचीं पोतीं मागेंच ठेवावीं. जिनाच्या आवारांत आणखी एक गोष्ट घडते. ट्रॉली अर्धी रिकामी झालेली असते, कापूस मागच्या अंगाला उरलेला असतो, आणि ट्रॅक्टर दुसऱ्या कामास हवा म्हणून कोणी पिन काढतो. आंतापर्यंत हुकानें दाबून धरलेली दांडी त्याच क्षणीं वर उसळते, आणि पिन काढणारा बहुधा तिच्यावर ओणवलेला असतो. पिन काढण्यापूर्वी चाकांना पुढून-मागून दगड लावावे, दांडीखालीं टेंकू द्यावा, मागच्या कडेखालींही एक ओंडका सारावा, आणि दांडीच्या समोर न राहतां बाजूस उभें राहून पिन ओढावी. जुना गाडीवान बैल सोडण्यापूर्वी बंडीला पुढें-मागें टेंकू देत असे, तो याचसाठीं.