कोळी : उसातला, बागेतला आणि घरातला



गेल्या भाद्रपदात गटाच्या दौऱ्यावर असताना एका सभासदांनी आम्हांस बांधावरच गाठले. पाठीवर पंप चढवलेला. म्हणाले, "साहेब, उसात कोळी पडलाय. द्राक्षाचं औषध शिल्लक हाय, मारून टाकू का?"

आम्ही त्यांच्याबरोबर सरीत शिरलो. दोन बेटांच्या मध्ये पाटीएवढे गोल जाळे. मधोमध पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कोळी, डोके खाली करून, पाय जोडीजोडीने पसरून बसलेला. जाळ्यात पायरीलाच्या दोन पाकोळ्या गुंडाळून ठेवलेल्या. आम्ही म्हटले, "अण्णा, तुमचं औषध आधीच कामाला लागलंय. पंप उतरवा."

त्यांचा पंप उतरला. पण असे किती पंप आम्ही न पाहता चालत असतील, या विचाराने हा लेख लिहीत आहोत.

नाव एक, धंदे दोन

घोटाळा नावाचा आहे. आपल्या नाशिक भागात एकाच सभासदाकडे ऊस असतो, द्राक्षबाग असते आणि वांगी-भेंडीही असते. द्राक्षावर, वांग्यावर जो 'लाल कोळी' पडतो तो पानाचा रस शोषतो आणि पान तांबूस पडते. ती कीड खरीच. उसाच्या पानाखालीही तिचा एक भाऊबंद बारीक पांढरी जाळी करून राहतो. परंतु तो ठिपक्याएवढा असतो, बिनकमरेचा, नीट पाहायला भिंग लागते.

जाळे विणून माशा-पाकोळ्या धरणारा कोळी निराळा. त्याला कमर असते, शरीराचे दोन भाग स्पष्ट दिसतात. तो पान खात नाही, रस पीत नाही. भक्ष्याच्या अंगात पाचक रस सोडतो आणि आतला द्रव शोषून घेतो. म्हणून जाळ्यात किड्यांची रिकामी टरफले लोंबताना दिसतात. पाय दोघांनाही आठच, आणि नावही दोघांचे एकच. एक चोर, दुसरा राखणदार. औषध मारण्यापूर्वी कोण आहे ते पाहावे. शिवाय एका पिकाचे उरलेले औषध दुसऱ्या पिकावर मारणे हे मुळातच गैर आहे.

आमची चूक

उपदेश करण्याआधी आमची चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्लॉटवर पायरीला दिसताच आम्ही फवारणी सांगून मोकळे झालो. आठ दिवस पीक स्वच्छ दिसले. महिन्याभरात पायरीला पहिल्यापेक्षा दांडगा. कारण साधे होते. पायरीलाची अंडी पानाखाली पांढऱ्या लवीत झाकलेली होती, ती वाचली. मेले ते कोळी, आणि पायरीलावर जगणारा एपिरिकॅनिया हा मित्रकीटक. त्या सभासदांचे फवारणीचे पैसे दोनदा गेले. त्यांनी आम्हांस बोल लावला नाही, पण तो प्लॉट आम्ही आजवर विसरलेलो नाही.

2002 साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला, तेव्हाही हाच धडा मिळाला होता. उंच उसात फवारा पोचेना. शेवटी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनीच त्याला आवर घातला. कोळी याच पंगतीतला, फक्त तो प्रयोगशाळेतून आणावा लागत नाही. तो आपल्या बांधावरच असतो. आपण त्याला मारले नाही म्हणजे झाले.

पावसाळा ते उन्हाळा

मृगाचा पाऊस पडला, किडे-पाकोळ्या वाढल्या, की कोळ्यांची सुगी सुरू होते. तेव्हाची लहान जाळी भाद्रपद-आश्विनात मोठी होतात. सह्याद्रीच्या जंगलात तर याच दिवसांत हाताच्या पंजाएवढा कोळी सोनेरी धाग्याच्या जाळ्यात बसलेला दिसतो.

थंडीत, निफाडकडचा पारा उतरतो तेव्हा, सकाळी बांधावर चक्कर मारावी. गवतावर दवाने भिजलेली शेकडो पांढरी जाळी दिसतात, एका कडेला नरसाळ्यासारखे भोक. मालक त्या भोकात दबा धरून असतो. उन्हे वर आली की जाळी दिसेनाशी होतात, पण असतात तिथेच.

उन्हाळ्यात सुरू उसाला खोडकिडीचे भय. अंड्यातून निघालेली अळी खोडात शिरेपर्यंत उघड्यावर असते. एकदा आत गेली की औषधही तिला सहजी गाठत नाही. त्या उघड्या वेळात तिला धरणाऱ्यांत जमिनीवर धावणारा करडा कोळी आहे. इंग्रजीत त्याला 'लांडगा कोळी' म्हणतात. तो जाळे विणत नाही, पळून शिकार करतो. मादी अंड्यांची गोल पिशवी मागे बांधून हिंडते आणि पिल्ले निघाली की सगळी पाठीवर घेते. या कुळातल्या एका कोळ्याला 1980 साली शास्त्रज्ञ टिकादर आणि मल्होत्रा यांनी पुण्यावरून 'लायकोसा पूनाएन्सिस' असे नाव दिले.

हा धावरा कोळी ऊन टाळण्यास पाचटाखाली राहतो. तोड झाली आणि पाचट पेटवलं, की किडीबरोबर हा राखणदारही जळतो आणि खोडव्याचे कोवळे कोंब उघडे पडतात. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. ते सरीत पसरावे. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरावे. ओल टिकते, खत होते आणि कोळ्याला घर मिळते.

कोळ्यांतला सहकार

बोरी-बाभळीच्या फांद्यांवर मळक्या चिंधीसारखे जाळे पुष्कळांनी पाहिले असेल. ते एकट्याचे नसते. तिथे शेकडो कोळी एकत्र नांदतात, मिळून जाळे सांधतात आणि एकट्याला न आवरणारा किडा मिळून ओढतात. पिल्ले वाढवताना माद्या शेवटी आपले शरीरही पिल्लांना खाऊ देतात. आपण सहकाराच्या गोष्टी करतो. हे न बोलता करतात. बांध साफ करताना असे एखादे झाड राहू द्यावे.

आता या साऱ्यांच्या कामाचे माप. 2017 साली युरोपातील शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की जगातले कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य खातात, आणि त्यात बहुतेक किडेच. आपल्या देशाचा वर्षाचा सगळा ऊस 40 कोटी टनांच्या वर जातो. म्हणजे देशभरातल्या काट्यांवरून जेवढा ऊस जाईल, निदान तेवढ्याच वजनाचे किडे हे आठपाये फस्त करतात. एवढी फवारणी आपल्याला फुकट मिळते.

घरातले कोळी

घटस्थापनेआधी घराघरांत जळमटं काढतात. काढावीत. धुरकटलेल्या जुन्या जाळ्यांचा कोळ्यालाही उपयोग नसतो. पण आमच्या मातोश्रींचा दंडक आहे, "तो नाचरा राहू दे रे, डास-माश्या धरतो." नाचरा म्हणजे भिंतीवर उड्या मारणारा छोटा कोळी. कोपऱ्यातला लांब बारीक पायांचा कोळी हात लागताच जाळे गदागदा हलवतो, तोही निरुपद्रवी. दाराआड बसणारा मोठा चपटा कोळी झुरळे खातो. त्याची मादी पोटाखाली बत्ताशासारखी पांढरी पिशवी धरून असते. तिला पाहून बायामाणसे दचकतात, पण ती स्वतःच आधी पळते.

जमिनीत बीळ करून राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्याला मात्र हात लावू नये. त्याचा चावा दुखतो.

अंगावरचे फोड

दोन वर्षांपूर्वी रात्री पाणी भरायला गेलेल्या एका सभासदांच्या मानेवर सकाळी लांबट चट्टा उठला, आग होऊ लागली. घरचे म्हणाले, "कोळी मुतला." चुना लावला आणि जखम चिघळली. डॉक्टरांनी सांगितले, हे कोळ्याचे काम नव्हे. पावसाळ्यात दिव्यावर येणारा मुंगीसारखा बारीक, तांबडा-काळा भुंगा असतो. तो अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजते. तेव्हा तो फुंकर मारून उडवावा, चिरडू नये. चिरडलाच तर साबण-पाण्याने लगेच धुवावे, हात डोळ्यांना लावू नये आणि दवाखाना गाठावा. चुना, राख लावत बसू नये. गंमत अशी, की हा भुंगाही शेतात किडीच खातो.

असो. आमचे सांगणे थोडके आहे. जाळे दिसले म्हणून पंप उचलू नका, आधी पान उलटून पाहा. पानावर एपिरिकॅनियाचे पांढरे कोष किंवा कोळ्याच्या अंड्यांच्या पिशव्या असतील तर फवारणी थांबवा आणि आपल्या गटाच्या फिल्डमनला बोलवा. पाचट जाळू नका.

सुरुवातीला सांगितलेल्या अण्णांच्या उसाला पौषात तोड आली. तोडकरी टॉवेलने तोंडावरची जाळी पुसत कुरकुरू लागला. अण्णा म्हणाले, "पूस बाबा, पण चिरडू नको. वरीसभर त्यांनीच राखण केलीय." यंदा त्यांच्या खोडव्यात आम्ही पाचट पसरलेले पाहिले. काडी लागलेली नव्हती.