रुमाल टाकला, पण जागा तयार आहे का? : शेअर्ड मेमरी बनवतानाची रेस कंडिशन

समजा, तुम्ही गायनातल्या स्वरस्थानांवर संशोधन करताय. लिनक्सवर एक प्रोग्राम माइकचे सॅम्पल्स शेअर्ड मेमरीत टाकतो, दुसरा तिथूनच वाचून स्वराची वारंवारता काढतो. दोन्ही एकाच स्क्रिप्टमधून सुरू होतात. मग ती मेमरी बनवायची कुणी?

बरेच जण लिहितात: आधी उघडून बघा, नसेल तर बनवा. गोची इथेच आहे. कोल्हापूरच्या सीबीएसवर एसटी लागली की खिडकीतून सीट रिकामी दिसते, पण तुम्ही दारातून आत जाईपर्यंत तिथे दुसराच बसलेला असतो. बघणं आणि घेणं यांच्यात फट राहिली की रेस कंडिशन आलीच. इथे दोन्ही प्रोग्रामना वाटतं की मेमरी आपणच बनवली. दोघेही हेडर लिहितात आणि एक दुसऱ्याचं लिहिलेलं पुसतो.

उपाय म्हणजे खिडकीतून रुमाल टाकणं. एसएचएम-ओपनला ओ-क्रिएट आणि ओ-एक्सक्ल हे दोन्ही फ्लॅग एकत्र द्या. मग तपासणं आणि बनवणं हे कर्नल एकाच अखंड क्रियेत करतं. एकच जण जिंकतो. बाकीच्यांना ‘आधीच आहे’ अशी एरर येते आणि ते असलेली मेमरी उघडतात.

पण रुमाल पडला म्हणजे माणूस बसला असं नाही! नव्या मेमरीचा आकार शून्य असतो. जिंकलेल्यानं एफट्रंकेटनं आकार देण्याआधीच दुसऱ्यानं ती मॅप करून वाचली, तर सिगबस येऊन प्रोग्राम कोसळतो. हे निदान दिसतं तरी. आकार दिलाय पण हेडर लिहायचंय, अशा क्षणी वाचलं तर नुसती शून्यं मिळतात. म्हणून हेडरमध्ये ‘तयार’ असा एक अ‍ॅटॉमिक फ्लॅग ठेवा. बनवणाऱ्यानं तो सगळ्यात शेवटी, रिलीज ऑर्डरिंगनं लिहायचा. वाचणाऱ्यानं आधी आकार तपासायचा, मग फ्लॅग अ‍ॅक्वायर ऑर्डरिंगनं वाचायचा आणि त्यानंतरच बाकीचं हेडर.

तिसरी अडचण सगळ्यात वाईट, कारण ती दिसतच नाही. पॉझिक्स शेअर्ड मेमरी प्रोग्रामबरोबर संपत नाही. अनलिंक किंवा रीबूट होईपर्यंत राहते. काल ४४,१०० सॅम्पल रेटवर चालवलेला प्रोग्राम मध्येच मेला. आज तुम्ही ४८,००० वर रेकॉर्ड करताय. मेमरी ‘आधीच आहे’, फ्लॅगही ‘तयार’ आहे, पण हेडरमध्ये कालचाच रेट. आता २४० हर्ट्झचा षड्ज २२०.५ हर्ट्झ दिसेल. सगळेच स्वर त्याच प्रमाणात उतरतात, त्यामुळे स्वरांतरं बरोबर येतात आणि आलेख बघून शंकाही येत नाही. हाच आकडा प्रबंधात गेला तर?

‘जुनी दिसली तर पुसून टाका’ हा उपाय दोन्ही प्रोग्रामांत घालू नका. एक जण दुसऱ्यानं नुकतीच बनवलेली मेमरी पुसेल. त्यापेक्षा बनवण्याचा हक्क एकालाच द्या, दुसऱ्यानं फक्त उघडायची. शिवाय दर रनला स्क्रिप्टनं नवं नाव तयार करून दोघांना द्यावं. अनेकांनी बनवणं टळतच नसेल तर एफलॉकनं फाइलवर कुलूप घ्या. प्रोसेस मेली तरी कर्नल ते सोडवतं. जॅक हा ऑडिओ सर्व्हरसुद्धा आपल्या मेमरीच्या तुकड्यांची नोंदवही ठेवतो आणि कुलूप घेऊनच ती बदलतो.

आणि हे सगळं ऑडिओ कॉलबॅकच्या बाहेर करा. ४८,००० वर २५६ फ्रेम्सचा बफर म्हणजे जेमतेम ५.३ मिलिसेकंद. तिथे कुलपासाठी थांबलात की आवाज तुटलाच.

शेवटी चाचणीचं. ‘हजार वेळा चालवलं, काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे. फट मायक्रोसेकंदांची असेल तर ती हजार वेळातही हुकू शकते. फट मुद्दाम रुंद करा. बनवणं आणि आकार देणं यांच्यामध्ये दोन सेकंदांचा स्लीप घाला, आकार आणि फ्लॅग यांच्यामध्ये आणखी एक. तेवढ्यात दुसरा प्रोग्राम सुरू करा. मग पहिल्याला किल मारून सगळं पुन्हा चालवा. दुसरा प्रोग्राम ठरावीक वेळ वाट बघून स्पष्ट एरर देत थांबला पाहिजे. चुकीचा आकडा देण्यापेक्षा बंद पडलेला प्रोग्राम केव्हाही परवडला.