आतली पट्टी

पुण्याच्या जुन्या बाजारात विकणारा हॅट नेहमी पुढून दाखवतो. "अस्सल साहेबाची आहे." आपण ती उलटी करायची. कपाळाला टेकणारी आतली चामड्याची पट्टी हलकेच बाहेर वळवली, की मागे मापाची चिठ्ठी दिसते. अमेरिकी हॅट असेल तर कधी कामगार संघटनेचं लेबलही. रिबन, अस्तर कुणीही बदलतं. या चिठोऱ्यांकडे सहसा कुणी फिरकत नाही, म्हणून हॅटचं वय ठरवायला त्यांच्याच साक्षीवर माझा भरवसा.

आकडाही जपून वाचावा. ५७ सेंटिमीटर घेराच्या डोक्याला ब्रिटिश माप ७, तर अमेरिकी माप ७ १/८.

फेल्ट विणलेलं नसतं. सशाचे किंवा बीव्हरचे केस वाफ, गरम पाणी आणि रगडण्याने एकमेकांत गुंततात, आपल्या नमद्यासारखे. ते नीट गुंतावेत म्हणून पूर्वी कातड्यावर पाऱ्याचं नायट्रेट फासत. वाळताना केसांची टोकं नारिंगी होत. कारखान्यातलं या कामाचं इंग्रजी नावच गाजरावरून पडलं. पुढे वाफ देताना पारा कारागिरांच्या छातीत जाई, हात थरथरू लागत. डॅनबरी या अमेरिकेतल्या हॅटवाल्या गावाचं नावच त्या थरथरीला चिकटलं. अमेरिकी कारखान्यांनी पारा सोडला तो डिसेंबर १९४१ मध्ये. जुन्या फेल्टमध्ये तो आजही सापडतो, तेव्हा अत्तर पारखल्यासारखी हॅट हुंगू नये.

'फेडोरा' हे नाव मात्र बाईचं. १८८२ साली पॅरिसला सार्दूच्या नाटकात सारा बर्नार्डने फेडोरा रंगवली, आणि तिचं नाव पुढे पुरुषांच्या डोक्यावर बसलं!

हिंदुस्थानात साहेबी पोशाख म्हणजे दुरूनच वाचता येणारी पाटी. डिसेंबर १९२८ मध्ये, साँडर्सच्या वधानंतर, भगतसिंग आणि दुर्गाभाभी साहेबी जोडप्याच्या थाटात, लहान मुलासह लाहोरहून गाडीत बसले. सोबत नोकर होऊन निघालेले राजगुरू, आपल्या खेडचे. वेशाने कोण कोण ठरलं, बघा. भगतसिंगांचा हॅटमधला फोटो पुढच्या वर्षी दिल्लीत निघाला. तो आज रिक्षांच्या मागेही दिसतो.

माझ्याकडची राखाडी हॅट कसरीने दोन ठिकाणी खाल्लेली आहे. पुढच्या चिमटीत धरून उचलण्याची मागच्या मालकाला सवय असावी. नेमकी तिथेच चीर. घरी आणून पट्टी वळवली, तर मागे वर्तमानपत्राची घडी खोचलेली. मराठी. गुळाचे बाजारभाव, तारीख फाटलेली. ढिली हॅट डोक्यावर बसावी म्हणून कुणीतरी केलेली ही सोय. घडी काढून सरळ करावी, मागची बाजू वाचावी, असं फार वाटलं. काढली, वाचली: अर्धी जाहिरात, केसांच्या तेलाची. मग हॅट घालून पाहिली. ती थेट कानांवर आली. घडी पुन्हा होती तशी खोचली.