डोळे झाकले तरी रंग ओळखणारी अळी

सोयाबीनवरील उंटअळी तुम्ही पाहिली असेल. पाठीची कमान करून ती मागचे पाय पुढे ओढते आणि मग अंग लांबवते. जणू वितीने जमीन मोजत चालली आहे! अशाच चालीवरून पतंगांच्या एका मोठ्या कुलाला ‘जिऑमेट्रिडी’ म्हणजे भूमापक हे नाव पडले. (सोयाबीनवरची अळी मात्र या कुलातली नव्हे. तिला मध्यभागीही पाय असतात. भूमापक अळीला सामान्यतः पुढे तीन जोड्या आणि अगदी मागे दोन. मध्ये काहीच नाही.)

या कुलातील सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे बिस्टन बेट्युलॅरिया. लिनियसने १७५८ साली तिचे वर्णन केले. ‘बेट्युला’ म्हणजे भूर्ज वृक्ष. त्याची पाने ही अळी खाते. युरोपपासून चीन-जपानपर्यंत आणि उत्तर अमेरिकेत ती आढळते. पांढऱ्या पंखांवर मिरपूड शिंपडल्यासारखा दिसणारा हा पतंग धुराने काळवंडलेल्या मँचेस्टर परिसरात काळा कसा झाला, ही कथा पुष्कळ पुस्तकांत असते. मला विचाराल तर त्याची अळीच अधिक नवलाची!

ब्रिटनमध्ये मादी उन्हाळ्यात अंडी घालते. त्यांतून निघालेली इवलीशी अळी रेशमी धाग्याला लोंबकळते आणि वारा नेईल तिकडे जाते. ती भूर्जावर उतरेल की वाळुंजावर, हे तिच्या हाती नसते. भूर्जाची डहाळी तपकिरी, वाळुंजाची हिरवट. मोठी झालेली अळी मागच्या पायांनी डहाळी धरून काडीसारखी ताठ राहते व पक्ष्यांना चकवते. पण रंग जुळला नाही तर हे सोंग काय कामाचे? म्हणून ती काही दिवसांत हळूहळू डहाळीचा रंग घेते.

हा रंग कशाने ठरतो? खाल्लेल्या पानांमुळे म्हणावे, तर एकाच झाडाची पाने खाऊनही वेगवेगळ्या रंगांच्या काड्यांवर वाढलेल्या अळ्या निरनिराळ्या रंगांच्या होतात. मग डोळ्यांनी पाहून? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अळ्यांच्या डोळ्यांवर काळा रंग फासून त्यांना रंगीत काड्यांवर वाढवले. तरीही त्यांनी काडीचा रंग घेतला! दोन रंगांच्या काड्या समोर ठेवल्या, तर बहुतेक अळ्या आपल्या रंगाच्या काडीवर जाऊन बसल्या. डोळ्यांत प्रकाश टिपण्यासाठी लागणारी जनुके त्यांच्या त्वचेतही कार्यरत असल्याचे आढळले.

याचा अर्थ अळीला त्वचेने चित्र दिसते असा घेऊ नका. प्रतिमा उमटायला भिंग किंवा निदान बारीक छिद्र तरी हवे. त्वचेला कळतो तो आसपासच्या प्रकाशाचा रंग व तीव्रता. आणि अळीला हवे असते तेवढेच.

शरद ऋतूत ती झाडावरून उतरून मातीत शिरते आणि कोश करते. हिवाळाभर कोश तिथेच अंधारात राहतो. पतंग बाहेर येतो तो पुढच्या उन्हाळ्यात.